गुणसूत्राचें शेवटचें पान

(नभोवाणीवरील भाषण)

जुन्या पोथ्यांचा ज्यांना नाद आहे त्यांना एक अनुभव नेहमींचा असतो. पोथी हातीं येते ती बहुधा आदिअंत हरवलेली. मधलीं पानें शाबूत असतात, अक्षर वाटोळें असतें, शाई अजून काळीभोर असते. परंतु पहिलें पान आणि शेवटचें पान यांचा पत्ता नसतो. कारण उघड आहे. ऊन, पाणी, कसर आणि उंदीर यांचा पहिला मारा बाहेरच्या पानांवरच होतो. आणि दुर्दैव असें कीं, ग्रंथकाराचें नांव, लेखनाचा शक, पोथी कोणासाठीं उतरून घेतली हा सारा मजकूर नेमका शेवटच्या पानावर असतो. तें पान नसलें म्हणजे संशोधकापुढें एक चमत्कारिक प्रश्न उभा राहतो : ग्रंथ येथें संपला, कीं येथें तुटला?

हाच प्रश्न जीवशास्त्रज्ञांपुढेंही उभा राहिला, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं त्यांना संगणकाचीं कांहीं विशेष साधनें घडवावीं लागलीं. त्या साधनांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. ती सांगतांना थोडें मागें जावें लागेल, कारण ज्या टोंकांचा शोध हीं साधनें घेतात तीं टोंकें मुळांत काय आहेत हें कळण्यासच शास्त्राला पन्नास वर्षें लागलीं.

आपल्या शरीरांतील पेशींच्या केंद्रांत ४६ गुणसूत्रें असतात हें आतां शाळेंतील मुलांनाही ठाऊक आहे. प्रत्येक गुणसूत्र म्हणजे डीएनए या द्रव्याचा एक अतिशय लांब, अखंड धागा. या धाग्यावर ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांत आनुवंशिकतेचा सारा मजकूर लिहिलेला असतो. ४६ धागे म्हणजे ९२ टोंकें. या टोंकांस टेलोमिअर असें नांव आहे. ग्रीक भाषेंत ‘टेलोस’ म्हणजे शेवट आणि ‘मेरोस’ म्हणजे भाग.

हें नांव हर्मन मुलर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३८ सालीं वुड्स होल येथील एका व्याख्यानांत प्रथम वापरलें. क्ष-किरणांच्या माऱ्यानें जीवांच्या आनुवंशिक गुणांत बदल घडवितां येतो, हें मुलरनें १९२७ सालींच दाखवून दिलें होतें. त्याबद्दल पुढें १९४६ सालीं त्याला नोबेल पारितोषिकही मिळालें. त्याचे प्रयोग फळांवर घोंघावणाऱ्या चिलटासारख्या बारीक माशीवर चालत. क्ष-किरणांनीं या माशीचीं गुणसूत्रें मोडत आणि मोडलेले तुकडे हव्या त्या रीतीनें पुन्हां जुळत. मधला तुकडा उलटा होऊन बसे, एकाचा तुकडा दुसऱ्यास जोडला जाई. परंतु मुलरच्या ध्यानांत आलें कीं, एक प्रकार मात्र कधींच आढळत नाहीं. गुणसूत्राचें मूळचें टोंक नाहींसें झालें आहे आणि माशी मात्र वंश चालवीत आहे, असें उदाहरण एकही सांपडेना. मोडलेली जागा आणि मूळचें टोंक या दोन निराळ्या वस्तू आहेत, टोंकाशीं धाग्याचें रक्षण करणारें कांहीं तरी खास आहे, असें अनुमान त्यानें काढलें. तें ‘कांहीं तरी’ काय, हें सांगण्याचें साधन त्या काळीं कोणाजवळच नव्हतें.

त्याच सुमारास बार्बारा मॅक्लिंटॉक ही विदुषी मक्याच्या गुणसूत्रांचें सूक्ष्मदर्शकांतून निरीक्षण करीत होती. मक्याचें कणीस हें आनुवंशिकतेच्या अभ्यासकाला फार सोयीचें. पेशींत काय घडलें तें दाण्यावरच्या रंगीत ठिपक्यांवरून नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येतें. मॅक्लिंटॉकनें पाहिलें कीं, मोडक्या टोंकाच्या गुणसूत्राची दुसरी प्रत तयार झाली म्हणजे त्या दोन्ही प्रतींचीं मोडकीं टोंकें एकमेकांस चिकटतात. पुढें पेशी विभागूं लागली कीं हा जोडधागा दोन दिशांना ओढला जातो, मध्यें पुलासारखा ताणला जातो, आणि तटकन् तुटतो. तुटला म्हणजे पुन्हां मोडकें टोंक, पुन्हां चिकटणें, पुन्हां ताणणें, पुन्हां तुटणें. हें दुष्टचक्र तिनें १९३८ ते १९४१ या काळांतील निबंधांतून वर्णन केलें आहे. मूळचीं, शाबूत टोंकें मात्र कधींच कोणास चिकटत नाहींत. म्हणजे माशी आणि मका या दोन परस्परांशीं कांहीं संबंध नसलेल्या साक्षीदारांनीं एकच साक्ष दिली.

यानंतर जवळजवळ चाळीस वर्षें ही साक्ष तशीच दफ्तरांत पडून राहिली. डीएनएचें रूप १९५३ सालीं कळलें, त्यावरील अक्षरें वाचण्याची विद्या सत्तरीच्या सुमारास येऊं लागली, आणि ती विद्या फ्रेडरिक सँगरच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेंत शिकलेली एलिझाबेथ ब्लॅकबर्न ही ऑस्ट्रेलियन तरुणी अमेरिकेंत येल विद्यापीठांत जोसेफ गॉल यांजकडे आली. गॉल यांनीं तिच्या हातीं एक विलक्षण प्राणी दिला. टेट्राहायमिना हा तळ्याच्या पाण्यांत राहणारा एकपेशी जीव. त्याच्या मोठ्या केंद्रांत गुणसूत्रांचे लहान लहान तुकडे झालेले असतात आणि त्यांपैकीं एका तुकड्याच्या सुमारें १०,००० प्रती असतात. टोंकें शोधणारास याहून अधिक सोईचें काय असणार! माणसाच्या पेशींत ९२ टोंकें. येथें एकाच तुकड्याचीं २०,०००. ब्लॅकबर्न आणि गॉल यांनीं तीं टोंकें वाचलीं व १९७८ सालीं प्रसिद्ध केलें कीं, तेथें सी-सी-सी-सी-ए-ए हीं सहाच अक्षरें पुन्हां पुन्हां, वीस ते सत्तर वेळां, लिहिलेलीं आहेत. अर्थ कांहींच नाहीं, नुसतें पालुपद.

या पालुपदाचें सामर्थ्य १९८२ सालीं दिसून आलें. ब्लॅकबर्न आणि जॅक शोस्टॅक यांनीं टेट्राहायमिनाचीं हीं टोंकें डीएनएच्या एका सरळ तुकड्यास जोडून तो तुकडा यीस्टच्या पेशींत सोडला. एरवीं असा उघड्या टोंकांचा धागा यीस्टमध्यें टिकत नाहीं, हा टिकला. तळ्यांतल्या प्राण्याची गांठ किण्वाच्या पेशींतही घट्ट बसली. १९८४ सालच्या नाताळच्या दिवशीं कॅरल ग्रायडर या ब्लॅकबर्नच्या विद्यार्थिनीला हें पालुपद लिहिणाऱ्या विकराची पहिली खूण दिसली. या तिघांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या विकराची कथा मोठी आहे, पण आपला रस्ता तिकडे जात नाहीं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच कीं, १९८८ सालीं लॉस अलामॉस येथें रॉबर्ट मॉयझिस आणि त्यांचे सहकारी यांनीं माणसाचें पालुपद वाचलें. तें टी-टी-ए-जी-जी-जी असें आहे, आणि प्रत्येक टोंकाशीं तें शेंकडों, हजारों वेळां येतें.

आतां टोंक ओळखण्याची खूण हातीं आली होती. मग अडचण कसली? अडचण अशी कीं, टोंक ओळखतां येणें निराळें आणि वाचलेल्या मजकुरांत तें सांपडणें निराळें.

संपूर्ण मानवी जीनोम वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० सालीं सुरू झाला. गुणसूत्र एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सलग वाचील असें यंत्र तेव्हां नव्हतें आणि आजही नाहीं. त्या वेळचीं यंत्रें एका दमांत पांचसातशें अक्षरें वाचीत. म्हणून डीएनएचे असंख्य तुकडे करावयाचे, ते वाचावयाचे, आणि एका तुकड्याची शेवटची ओळ दुसऱ्याच्या पहिल्या ओळीशीं जुळते का तें पाहून संगणकाच्या साहाय्यानें त्यांची सांखळी लावावयाची, अशी रीत होती. सांखळीचे जे लांब लांब भाग हातीं येतात, पण ज्यांच्यामध्यें अजून खिंडारें आहेत, अशा संग्रहास मसुदा म्हणतात. भिन्न भिन्न मजकूर असेल तेथें ही रीत उत्तम चालते. परंतु कल्पना करा : कोणा भाविक आजीबाईंनीं एक वही भरून रामनाम लिहिलें आहे. ती वही कोणीं टराटरा फाडली आणि तुकडे आपल्यापुढें टाकले. कोणता तुकडा कोणाच्या पुढें? एकंदर किती नामें होतीं? सांगणें अशक्य. गुणसूत्राचें टोंक ही अशीच रामनामाची वही आहे.

आणखीही एक विघ्न होतें. वाचावयाचे तुकडे आधीं जंतूंच्या पेशींत घालून वाढवावे लागत, आणि त्यासाठीं तुकडा दोन्ही बाजूंनीं ठराविक जागीं कापलेला असावा लागे. अगदीं शेवटच्या तुकड्यास बाहेरच्या बाजूनें कापण्याची जागाच नसते. त्यामुळें नेमके टोंकाचे तुकडे संग्रहांतून गळून जात. यावर तोड निघाली ती शोस्टॅक-ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगांतूनच. यीस्टमध्यें सरळ धागा टिकावयाचा तर त्याला दोन्ही टोंकें हवींत. मग एकच टोंक आपण द्यावें आणि दुसरें माणसाच्या डीएनएकडून येऊं द्यावें; ज्या तुकड्यास खरोखर मानवी टोंक असेल तोच जगेल! हॅरल्ड रीथमन यांनीं ही युक्ति वापरून मानवी टोंकांचे तुकडे जमविले. फेब्रुवारी २००१ मध्यें मानवी जीनोमचा मसुदा ‘नेचर’ या साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला, त्याच अंकांत हीं टोंकें मसुद्याशीं जुळविण्याचा रीथमन व सहकारी यांचा निबंधही आला. मसुदा कोठपर्यंत पोंचला आहे आणि गुणसूत्राच्या खऱ्या शेवटापासून किती दूर थांबला आहे, हें त्या निबंधानें प्रथम मोजून दाखविलें. मला तरी त्या अंकांतील हा छोटा निबंध मोठ्या निबंधांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

एप्रिल २००३ मध्यें प्रकल्प पुरा झाल्याची घोषणा झाली. जगभर वर्तमानपत्रांनीं ‘मानवाचा ग्रंथ वाचून संपला’ अशा थाटाचे मथळे दिले. ऑक्टोबर २००४ मध्यें सविस्तर निबंध आला, त्यांत शास्त्रज्ञांनीं प्रामाणिकपणें लिहिलें होतें कीं, २८५ कोटी अक्षरें वाचलीं असून ३४१ खिंडारें शिल्लक आहेत. म्हणजे लबाडी कोणीं केली नाहीं. पण ‘पूर्ण’ या शब्दाला जें वजन असावें तें त्या घोषणेंत नव्हतें, असें म्हणणें भाग आहे. पुढें अनेक वर्षें सर्व जगांत प्रमाण म्हणून वापरल्या गेलेल्या त्या प्रतींत बहुतेक गुणसूत्रांच्या टोंकांशीं काय लिहिलेलें होतें, ठाऊक आहे? ‘एन’ हें अक्षर, सलग १०,००० वेळां. ‘एन’ याचा अर्थ ‘अक्षर कळत नाहीं’. शेवटच्या पानाच्या जागीं कोरा कागद लावून पोथी बांधून टाकली होती.

कोणी म्हणेल, निरर्थक पालुपद वाचलें नाहीं म्हणून काय बिघडलें? पालुपद निरर्थक असेल. पण त्याला लागून आंतल्या बाजूस जो मजकूर असतो तो तसा नाहीं. हिंवतापाचेंच उदाहरण घ्या. त्याचा सर्वांत घातक परोपजीवी प्लास्मोडिअम फॅल्सिपॅरम याचा जीनोम २००२ सालीं वाचला गेला. त्याला १४ गुणसूत्रें, अक्षरें सुमारें २ कोटी ३० लाख. या जंतूजवळ ‘व्हार’ नांवाचीं सुमारें ६० जनुकें आहेत. त्यांपैकीं प्रत्येक जनुक एक निराळा मुखवटा बनवितें. जंतु आंत शिरला म्हणजे तो मुखवटा आपल्या तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर चढतो. एका वेळीं एकच मुखवटा. शरीरानें तो ओळखून त्याविरुद्ध शस्त्र तयार केलें, कीं जंतूंच्या पुढच्या पिढ्यांतील कांहीं मुखवटा बदलतात, आणि ताप पुन्हां उलटतो. या मुखवट्यांचीं जनुकें पुष्कळशीं कोठें ठेविलेलीं आहेत? गुणसूत्रांच्या टोंकांजवळ. टोंकांशीं अदलाबदल लवकर होते, म्हणून नवनवे मुखवटे घडविण्यास ती जागा सोईची. तेव्हां टोंकें नसलेला मसुदा म्हणजे चोराचा सारा वाडा धुंडाळून त्याची वेष ठेवण्याची खोलीच तेवढी न पाहणें होय.

दुसरें उदाहरण माणसाचेंच. चेहरा, खांदे आणि दंड यांचे स्नायू हळूहळू क्षीण करणारा एक आनुवंशिक विकार आहे. चौथ्या गुणसूत्राच्या लांब बाजूच्या टोंकाजवळ ३,३०० अक्षरांचा एक परिच्छेद ओळीनें अनेक वेळां लिहिलेला असतो. निरोगी माणसांत तो ११ पासून १०० पर्यंत वेळां असतो. या विकाराच्या बहुसंख्य रोग्यांत १ ते १० वेळांच असतो. येथपर्यंत ठीक. पण दहाव्या गुणसूत्राच्या टोंकाशीं हुबेहूब असाच परिच्छेद आहे, आणि तेथें तो कमी झाला तर सहसा कांहीं होत नाहीं! म्हणजे एकाद्या घरांतील मुलास हा विकार होणार कीं नाहीं हें सांगणाऱ्या डॉक्टरला नुसता परिच्छेद सांपडून भागत नाहीं; तो कोणत्या गुणसूत्राच्या टोंकाचा हें निश्चित कळावें लागतें. मसुद्यांत एका गुणसूत्राचें टोंक दुसऱ्यास लागलें असेल तर काय अनर्थ होईल, हें सांगावयास नको.

येथें संगणकाचीं साधनें पुढें येतात.

पहिल्यानें गोष्ट सोपी दिसते. मसुद्यांतला प्रत्येक लांब तुकडा घ्यावा, त्याच्या दोन्ही कडांशीं टी-टी-ए-जी-जी-जी सलग किती वेळां येतें तें मोजावें; पुष्कळ वेळां आलें तर टोंक सांपडलें. पण व्यवहारांत एकामागून एक अडचणी निघतात. पहिली अडचण दिशेची. डीएनएचा धागा दुपदरी असतो. टीच्या समोर ए आणि जीच्या समोर सी. आपण मजकूर लिहितों तो एकाच पदराचा. म्हणून उजव्या टोंकाशीं टी-टी-ए-जी-जी-जी दिसतें, तर डाव्या टोंकाशीं तेंच सी-सी-सी-टी-ए-ए असें दिसतें. हें जाणणारें साधन एक जास्तीचें काम फुकटांत करतें : तुकड्याच्या डाव्या कडेस उजव्या टोंकाचें पालुपद आढळलें तर जुळणी करणाऱ्यानें कोठें तरी तुकडा उलटा लावला आहे, हें तें बोट दाखवून सांगतें.

दुसरी अडचण सुरुवातीची. भोंडल्याच्या वेळीं हत्तीभोंवतीं फेर धरलेल्या सहा मुली डोळ्यांपुढें आणा. कोणत्या मुलीपासून मोजावयाचें? टी-टी-ए-जी-जी-जी, टी-ए-जी-जी-जी-टी, ए-जी-जी-जी-टी-टी, हीं सारीं एकाच फेराचीं नांवें. सहा सुरुवाती, दोन दिशा. म्हणजे एकाच पालुपदाचे बारा वेष. ते सारे एकच आहेत हें साधनाला शिकवावें लागतें.

तिसरी अडचण चुकांची. वाचणाऱ्या यंत्राच्या कांहीं चुका असतात. शिवाय खऱ्या टोंकाच्या आंतल्या भागांत निसर्गानेंच पालुपदाची अक्षरें इकडेतिकडे बदललेलीं असतात. तेव्हां तंतोतंत जुळणी मागूं गेलें तर टोंक हुकतें. ढिलाई केली तर नाहीं तेथें टोंक दिसतें. १९९९ सालीं गॅरी बेन्सन यांनीं प्रसिद्ध केलेला ओळीनें येणाऱ्या पुनरावृत्ती शोधण्याचा कार्यक्रम या विद्येंतला आजोबा म्हणावा. तो पालुपद आधीं सांगितल्याशिवाय शोधतो आणि थोड्या चुका पोटांत घालतो. पुढें हेंग ली यांनीं आपल्या ‘सेक्टके’ या साधनसंचांत जी युक्ति घातली ती तर एकाद्या पेढीवरच्या मुनिमास शोभेल अशी आहे. कडेपासून आंत चालावयाचें. जुळलें तर जमा, न जुळलें तर नांवें. शिल्लक सर्वांत जास्त कोठें होती तें ध्यानांत ठेवावयाचें. आणि ती फार घसरली कीं खातें बंद. शिल्लक पुरेशी झालेली असेल तर तेथवर टोंक आहे असें लिहावयाचें.

पण या सर्वांत एक गृहीत आहे : पालुपद आपणांस ठाऊक आहे. माणसाचें ठाऊक आहे. पृष्ठवंशी प्राण्यांचें तेंच आहे. बहुसंख्य वनस्पतींत त्यांत एक टी अधिक असतो. रेशमाच्या किड्यांत एक जी कमी, हें १९९३ सालीं कळलें, आणि इतर पुष्कळ कीटकांतही तसेंच निघालें. मग आपल्या स्वयंपाकघरांतला कांदा! त्याच्या टोंकांशीं वनस्पतींचें नेहमींचें पालुपद सांपडेना, म्हणून कित्येक वर्षें कोडें पडलें होतें. कांद्याचीं टोंकें कांहीं वेगळ्याच रीतीनें राखलीं जात असावींत असेही तर्क झाले. अखेर २०१६ सालीं उलगडा झाला. कांद्याला पालुपद आहे, पण तें बारा अक्षरांचें आहे : सी-टी-सी-जी-जी-टी-टी-ए-टी-जी-जी-जी. सात अक्षरें शोधणारास बारांचें पद कसें दिसणार?

आज हजारों जातींच्या प्राण्यांचे व वनस्पतींचे जीनोम वाचले जात आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड येथील सुमारें ७०,००० जाती वाचण्याचा एक प्रकल्प २०१८ सालीं जाहीर झाला. त्यांतील पुष्कळ जातींचें पालुपद कोणास ठाऊक नाहीं. या कामांत गुंतलेल्या इंग्लंडमधील सँगर संस्थेंत ‘टिडके’ हें साधन तयार झालें. त्यावरील निबंध मॅक्स ब्राउन व सहकारी यांनीं २०२५ सालीं प्रसिद्ध केला. या साधनाची विशेषता अशी कीं, पालुपद ठाऊक नसलें तरी तें गुणसूत्रांच्या कडा चाळून ओळीनें येणारीं लहान पदें वेंचतें, त्यांचे सारे वेष एकत्र करतें, आणि कोणतें पद सर्वांत अधिक आलें त्याची यादी मांडतें. मग तें पद घेऊन पुन्हां सबंध गुणसूत्र पालथें घालतें आणि त्याचा आलेख काढतें. ज्या आलेखांत दोन्ही कडांशीं उंच शिखरें आणि मध्यें सपाट मैदान, तें गुणसूत्र बहुधा पुरें वाचलें गेलें. एकच शिखर असेल तर पोथीचें एक पान अजून हरवलेलें आहे. चीनमधील संशोधकांनीं २०२३ सालीं पुढें आणलेल्या ‘क्वार्टेट’ नांवाच्या संचांत टोंकें शोधण्याबरोबर खिंडारें बुजविण्याचीही सोय आहे.

शिखर मध्येंच उभें राहिलें तर? बहुतेक वेळां जुळणी करणारानें दोन गुणसूत्रांचीं टोंकें चुकून एकमेकांस जोडलेलीं असतात. पण नेहमींच नव्हे. माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मध्यें १९९१ सालीं असेंच जुनें, झिजलेलें पालुपद सांपडलें : आधीं टी-टी-ए-जी-जी-जीच्या ओळी, आणि लगेच पाठीला पाठ लावून सी-सी-सी-टी-ए-ए. चिंपांझीला गुणसूत्रांच्या २४ जोड्या आहेत, आपल्याला २३. आपल्या पूर्वजांत कधीं काळीं दोन गुणसूत्रें टोंकाला टोंक लागून एक झालीं, त्याची ती शिवण आहे. म्हणून साधनानें खूण दाखवावी. निवाडा मात्र माणसानें करावा, हें येथें सोडून चालत नाहीं.

आणि जिच्यावरून मुलरनें टेलोमिअर हें नांव काढलें त्या माशीवर हीं सहा अक्षरांचीं साधनें चालविलीं तर? उत्तर येतें शून्य. त्या माशीला हें पालुपदच नाहीं, तें लिहिणारें विकरही नाहीं. तिच्या टोंकांशीं स्वतःच्या नकला करणारे डीएनएचे भटके तुकडे वारंवार येऊन बसतात, आणि झिजलेलें टोंक भरून काढतात. जागा बदलणारे डीएनएचे तुकडे प्रथम कोणीं शोधले? मक्याच्या कणसावर, बार्बारा मॅक्लिंटॉकनें. १९८३ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें तें त्याच शोधाबद्दल. माशी आणि मका यांची ओळख अशी पुष्कळ वर्षांनीं पटली!

आतां मानवाच्या पोथीकडे परत येऊं. गेल्या दहाबारा वर्षांत लांब तुकडे वाचणारीं यंत्रें आलीं. एक प्रकारचें यंत्र पंधरावीस हजार अक्षरें जवळजवळ बिनचूक वाचतें. दुसरें, सूक्ष्म छिद्रांतून धागा ओवून विजेच्या प्रवाहावरून अक्षर ओळखणारें, लाखाहून अधिक अक्षरें सलग वाचतें. यांच्या बळावर ॲडम फिलिपी आणि कॅरेन मिगा यांच्या पुढाकारानें जो संघ उभा राहिला त्यानें नांवच घेतलें ‘टेलोमिअर ते टेलोमिअर’. त्यानें २०२० सालीं एक्स गुणसूत्र आणि २०२२ सालीं उरलेलीं बावीस गुणसूत्रें टोंकापासून टोंकापर्यंत प्रसिद्ध केलीं. एकंदर ३०५ कोटींहून अधिक अक्षरें, त्यांपैकीं जवळजवळ २० कोटी पूर्वीच्या प्रतींत नसलेलीं. पुरुषांचें वाय गुणसूत्र २०२३ सालीं पुरें झालें.

याच काळांत एक गंमतीची, पण धडकी भरविणारी गोष्ट उघडकीस आली. सूक्ष्म छिद्रांच्या यंत्रानें वाचलेल्या मजकुरांत कांहीं तुकड्यांच्या कडांशीं साधनांना टोंक दिसेना. तेथें टी-टी-ए-ए-ए-ए, किंवा दुसऱ्या पदरावर सी-टी-टी-सी-टी-टी, असलीं भलतींच पदें ओळीनें येत होतीं. एकादा नवा शोधच लागला असें वाटावें! हेंग ली आणि त्यांचे सहकारी यांनीं २०२२ सालीं दाखविलें कीं, तेथें पालुपद बरोबरच आहे. विजेच्या प्रवाहाचें अक्षरांत रूपांतर करणारा कार्यक्रम सारखें सारखें येणारें पद ऐकून फसतो आणि भलतेंच लिहितो. त्यांनीं त्या कार्यक्रमाला टोंकांचे नमुने देऊन पुन्हां शिकविलें, तेव्हां तीं टोंकें जागच्या जागीं दिसूं लागलीं. लेखनिकाच्या कानाचा दोष ग्रंथकाराच्या माथीं मारण्याचा प्रसंग थोडक्यांत टळला.

राहतां राहिला एक प्रश्न : आतां जें शेवटचें पान लागलें आहे, त्यावरचीं नामें किती? २०२२ सालच्या त्या प्रतीसाठीं प्रयोगशाळेंत वाढविलेल्या एका विशिष्ट पेशीकुळाचा डीएनए वापरला होता. त्यांतील गुणसूत्रांच्या दोन्ही प्रती जवळजवळ एकच असल्यानें जुळणीचा घोंटाळा कमी होई. तेव्हां त्या प्रतींतील टोंकांची लांबी ही त्या पेशीकुळाची लांबी. आपल्या शरीरांतील बहुतेक पेशींत प्रत्येक विभागणीबरोबर हें पालुपद थोडें थोडें झिजतें. असें होणें भाग आहे हें रशियाच्या अलेक्सी ओलोव्हनिकव्ह यांनीं १९७१ सालींच तर्कानें सांगितलें होतें. माणसामाणसांत तें निराळें, एकाच माणसाच्या रक्तांत व मेंदूंत निराळें, इतकेंच नव्हे तर एकाच पेशींतील ९२ टोंकांत देखील तें सारखें नसतें. टोंक कोठें सुरू होतें हें साधनें सांगतात. शेवटचें अक्षर कितवें, याचें उत्तर मात्र तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशींत वेगळें आहे.